मोबाईल तांदळाच्या डब्यात

डॉक्टरीणबाईंनी अनूपुढे गाईचं चित्र असलेलं कार्ड धरलं आणि विचारलं, “ही कोण आहे, सांग बरं?”

अनूनं चित्राकडे नीट पाहिलं. उजव्या हाताचं बोट गाईच्या पोटावर ठेवलं आणि सफाईनं बाजूला सरकवलं. गाय जागची हलली नाही. अनूनं पुन्हा बोट फिरवलं. मग खालच्या कोपऱ्यात दोनदा टिचकी मारली, जाहिरात घालवायला मारतात तशी. तरीही गाय जाईना म्हटल्यावर तिनं कार्ड उलटं केलं आणि चार्जरची वायर लावायचं भोक शोधायला लागली.

आपली मुलगी बिघडलेली वस्तू दुरुस्त करू पाहते आहे, याचं मला क्षणभर कौतुक वाटलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं नाही. त्यांनी पाठीमागून खुळखुळा वाजवून अनूचे कान तपासले. कान उत्तम होते. मग त्या आमच्याकडे वळल्या. “दिवसाला किती वेळ मोबाईल बघते?”

“अर्धा तास,” मी म्हणालो.

“चार तास,” मानसी त्याच वेळी म्हणाली.

मी दिवसभर कार्यालयात असतो, त्यामुळे माझ्या डोळ्यांदेखत अर्धाच तास होतो, हे मी समजावून सांगणार होतो. पण कागदावर तोवर चार लिहून झाले होते.

“तीन वर्षांची झाली. या वयात मुलं छोटी छोटी वाक्यं बोलतात, प्रश्न विचारून भंडावून सोडतात. हिला शब्द किती येतात?”

आम्ही मोजले. आई, बाबा, दे, नको आणि ‘सब्स्क्राइब’. पाच भरले. पाचवा धरायचा की नाही, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली.

“हाक मारली तर ओ देते?”

“नाही,” मानसी म्हणाली आणि खाली बघून पर्सची चेन उगाच उघडझाप करायला लागली. मानसी सकाळच्या शाळेत शिक्षिका आहे. चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेनं गप्प करणारी बाई. तिला अशी बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

डॉक्टरीणबाईंचा आवाज जरा खाली आला. “घाबरू नका. पण मोबाईल हिच्यासमोर बोलतो, हिच्याशी बोलत नाही. त्याला उत्तर द्यावं लागत नाही ना. तो बंद करा आणि तुम्ही बोला. दोन महिन्यांनी दाखवा, तेव्हाही असंच असेल तर पुढच्या तपासण्या करू.”

“मी रोज बोलतो की तिच्याशी,” मी म्हणालो.

“काय बोलता?”

मी आठवून पाहिलं. “जेव. झोप. हात लावू नको. खाली उतर.”

“हे बोलणं नाही. हे आदेश झाले.”

मी महाडला एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर बसतो. गेली बारा वर्षं आदेश घेणं, त्यावर शिक्का मारणं आणि तो पुढे पाठवणं, एवढाच माझा भाषेशी संबंध. तरी पण घरी पोचेपर्यंत माझा निश्चय झाला होता, आणि निश्चय झाला की माझ्या हातून जे होतं तेच झालं. मी परिपत्रक काढलं. ‘विषय: घरातील मोबाईल वापराबाबत.’ रोज संध्याकाळी सहा ते नऊ सर्व मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवण्यात येतील. अभ्यागतांसही हा नियम लागू राहील. अनूच्या समोर दिवसा कुणीही मोबाईल काढणार नाही. खाली सही, तारीख. फ्रिजच्या दारावर चिकटवलं.

मानसीनं ते वाचलं. “सगळं ठीक आहे,” ती म्हणाली, “पण तांदूळच का?”

“अनूचा हात पोचत नाही तिथे.”

“तुमचा पोचतो का ते बघायचंय.”

अंमलबजावणीच्या पहिल्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे महिपतराव आले. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी परिपत्रकाकडे बोट दाखवून त्यांचाही मोबाईल मागून घेतला आणि आमच्या दोघांच्या मोबाईलशेजारी तांदळात पुरला. सात वाजता डबा वाजायला लागला. बंद झाकणाखालून टाळ-मृदंगाचा आवाज येत होता आणि वरचे तांदूळ थरथरत असणार, कारण डबाही किंचित हलत होता. अनू कोपऱ्यातून उठली, न बोलावता आली आणि डब्याला कान लावून उभी राहिली.

“घ्यायचा नाही,” मी महिपतरावांना म्हणालो. “नियम म्हणजे नियम.”

महिपतरावांनी नोकरीत नियम पाळले होते, त्यामुळे ते बसून राहिले. मोबाईल मात्र थांबेना. नवव्या की दहाव्या वेळेला त्यांचा धीर सुटला. ते उठले, झाकण काढलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत तांदळात घातले. त्याच वेळी दारात त्यांच्या पत्नी चंद्राबाई उभ्या राहिल्या. नवरा किती वाजता जेवणार, एवढंच विचारायला त्या वरच्या मजल्यावरून फोन करत होत्या.

“काय करताय?” त्यांनी विचारलं.

“तुझाच फोन घेतोय,” महिपतराव म्हणाले.

तेव्हापासून महिपतरावांना फोन केला की ते पोत्यात बसून बोलत असल्यासारखा आवाज येतो. त्यांनी त्याबद्दल एका शब्दानं मला दोष दिला नाही. चंद्राबाईंनी मात्र दुसऱ्या दिवसापासून अनूचं प्रकरण स्वतःकडे घेतलं. जिभेला मधात उगाळलेलं वेखंड लावा, म्हणाल्या. पोपट पाळा, म्हणाल्या. अनूच्या आत्याला उशिरा वाचा फुटली होती का, याची चौकशी केली. मला बहीण नाही हे कळल्यावर, तरीच, असं म्हणाल्या. पहिल्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, मोबाईल एकदम तोडू नका, पोर आजारी पडेल, आधी टीव्हीवर आणा. माझ्या कार्यालयातल्या एकानं सांगितलं, लहानपणी तोही बोलत नव्हता. तो आता इतका बोलतो की ते ऐकून मी निश्चिंत व्हावं की काळजी करावी, ते मला ठरवता आलं नाही.

खरा प्रश्न जेवणाचा होता. अनूला मोबाईल समोर असल्याशिवाय तोंड उघडायचं असतं हेच माहीत नव्हतं. पहिले दोन दिवस ती दूध आणि केळ्यावर राहिली. तिसऱ्या संध्याकाळी मानसीनं वरणभाताची ताटली माझ्या हातात दिली. “गोष्ट सांगा तिला. माझा घसा बसलाय.”

मला गोष्ट येत नाही. चिमणी-कावळ्याची सुरू केली, पण घर मेणाचं कुणाचं आणि शेणाचं कुणाचं इथेच अडलो. अनू भिंतीकडे बघत होती. शेवटी मला जे येतं ते मी सांगायला लागलो.

“एक होती फाईल. गुलाबी रंगाची. ती सकाळी उठली आणि माझ्या टेबलावर आली. मी तिला शिक्का मारला. ठप्प.”

अनूनं मान वळवली. मी ताटलीवर मूठ आपटली. “ठप्प.” तिचं तोंड आश्चर्यानं उघडलं. मी घास आत घातला.

“मग फाईल चालत चालत गेली दुसऱ्या टेबलावर. तिथले काका जेवायला गेले होते. फाईल बसली वाट बघत. काका येईनात, येईनात…” अनूचे डोळे मोठे झाले. दुसरा घास गेला. अशी ती फाईल पाच टेबलं हिंडली आणि शेवटी एका मोठ्या बाईंच्या टेबलावर जाऊन गाढ झोपली. तिला कुणी उठवलंच नाही. ताटली रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अनू माझी पँट ओढत म्हणाली, “फाई.” सहावा शब्द. मानसी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत राहिली. तीन वर्षं आम्ही गाय, चांदोमामा, फुलपाखरू अशी चित्रं दाखवत होतो, आणि पोरीनं शब्द उचलला तो फाईल. चंद्राबाईंना वाटलं, ती इंग्रजीत ‘फाईन’ म्हणते आहे. त्यांनी तसं जिन्यात सगळ्यांना सांगितलंसुद्धा.

या काळात मी दिवसाही मोबाईलपासून लांब राहू लागलो होतो. अनूला खेळवायला जेवणाच्या सुट्टीत घरी येई तेव्हा मोबाईल कार्यालयाच्या खणातच ठेवी. एका दुपारी सुट्टीत तातडीची ऑनलाइन बैठक लागली. निरोप मोबाईलवर, मोबाईल खणात, खणाची किल्ली माझ्या खिशात आणि मी घरी ताटलीवर शिक्के मारत बसलेलो. तिसऱ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस आली. ती आवक टेबलावर आली, म्हणजे माझ्याकडेच. मी तिच्यावर शिक्का मारला, नोंद केली आणि स्वतःला पोच दिली.

उत्तरात मी खोटं लिहिलं नाही. ‘कन्येच्या वाक्‌विकासासाठी मोबाईल दूर ठेवणे वैद्यकीय सल्ल्यानुसार आवश्यक झाल्याने’ असं लिहून डॉक्टरांचा कागद जोडला. मॅडमनी आत बोलावलं. आमच्या कार्यालयप्रमुख रेश्मा मॅडम तशा कडक. चार महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या. त्यांनी कागद दोनदा वाचला.

“खरंच मोबाईलशिवाय जेवते?”

“हो, मॅडम.”

“कशी? माझा अडीच वर्षांचा आहे. तो जाहिरात लागली तरी तोंड मिटतो.”

“गोष्ट सांगतो, मॅडम.”

“कुठली?”

मला तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण बारा वर्षांत वरिष्ठांनी विचारलेल्या माहितीला मी कधी नाही म्हटलेलं नाही. मी सुरू केलं. शिक्का, काका, पाच टेबलं. दारात शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता, तो आत यायचं विसरला. मॅडम हनुवटीवर हात ठेवून ऐकत होत्या. आणि गोष्ट त्या मोठ्या बाईंच्या टेबलापर्यंत आल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी कुणाच्या टेबलासमोर उभा आहे. त्या टेबलावर उजव्या हाताला गुलाबी फायलींची चळत होती.

“मग?” मॅडम म्हणाल्या. “पुढे काय झालं?”

“पुढे… बाईंनी तिला उठवलं, मॅडम. अंगावरून हात फिरवला. सही केली. आणि फाईल उड्या मारत घरी गेली.”

मॅडमनी चळतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “जा तुम्ही,” म्हणाल्या. नोटिशीचं पुढे काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अकरा फायली सह्या होऊन खाली आल्या. त्या दिवसापासून कार्यालयात मला पाहिलं की कुणीतरी हळूच टेबलावर मूठ आपटतं. माझी इतक्या वर्षांची प्रतिष्ठा, जी काही होती ती, त्या एका ‘ठप्प’वर गेली.

महिना झाला. अनू आता जेवत होती, हसत होती, फाईलच्या मागे ‘ठप्प’सुद्धा म्हणत होती. पण हाक मारली की अजून ओ देत नव्हती, आणि दोन शब्द जोडून काही येत नव्हतं. मानसी म्हणाली, “माझ्या माहेरी नेऊ. कुडपणला. तिथं रेंजच नाही.”

हे मला पटलं. मी चार दिवसांची रजा टाकली. मॅडमनी तत्काळ मंजूर केली.

पोलादपूरहून एसटीनं वळणं घेत घेत वर गेलो. कुडपणला माझे सासरे कुशाबा आणि सासूबाई रंगूबाई दोघंच असतात. नाचणीची कापणी होऊन गेली होती, अंगणात कणसं वाळत होती. मी समाधानानं श्वास घेतला आणि विचारलं, “सासूबाई कुठे आहेत?”

“ती काय,” कुशाबांनी हात केला. घरामागच्या उंचवट्यावर एक मोठा काळा कातळ होता. त्यावर पोतं अंथरून सासूबाई बसल्या होत्या. हातात मोबाईल. शेजारी आणखी तीन बायका आणि एक म्हातारा, सगळ्यांचे हात थोडे वर, माना थोड्या वाकड्या. अख्ख्या वाडीत फक्त त्या कातळावर रेंज येत होती.

“मुंबयच्या पोरान् दिलान,” कुशाबा म्हणाले. “दुपारची बसली की दिवस बुडल्याव उठते. म्हशीला पान्याव मीच नेतो.”

तीस किलोमीटर वळणं घेत मी पोरीला घेऊन आलो होतो ते इथे. संध्याकाळी सगळा धीर गोळा करून मी सासूबाईंना डॉक्टरांचा सल्ला सांगितला. त्यांनी पदर खांद्यावर घेतला.

“म्हंजी मी बी बघायचा नाय?”

“अनू आहे तोवर, चार दिवस.”

“जावयबापू, मी काय बारकी पोर हाय?”

मी मानसीकडे पाहिलं. ती चुलीकडे वळली होती. शेवटी सासूबाईंनी अनूला मांडीवर घेतलं, तिच्या केसांतून हात फिरवला. “बोलत नाय व्हय गो माजी बाय? चल, मी बी ऱ्हाते तुज्यासाठी उपाशी.” आणि मोबाईल त्यांनी स्वतः उठून नाचणीच्या कणगीत टाकला. मी त्यांना काही सुचवलं नव्हतं.

मग मी जे पाहिलं ते असं. सासूबाई दिवसभर बोलत होत्या. अनूशी, म्हशीशी, चुलीशी, उंबरठ्याशी. “ये गो म्हशी, सरक जरा, आमच्या अनूला जायाचा हाय. अनू, ही पाटी धर. धरलीस? जड हाय? हाय ना. मलाबी जड हाय.” विचारून झालं की थांबायच्या, अनूच्या तोंडाकडे बघायच्या, जणू उत्तर येणारच आहे, आणि नाही आलं तरी आल्यासारखं पुढे बोलायच्या. अनू त्यांच्या लुगड्याचा सोगा धरून मागे मागे. मला कुणी विचारत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई खालच्या झऱ्यावर पिण्याचं पाणी आणायला निघाल्या आणि मला म्हणाल्या, “जावयबापू, घार फिरतेय वरती. कोंबडी पिलांसंगट आत गेली, खुराड्याची फळी लावा वाईच.” मी फळी लावली. वर दगडही टेकवला. सांगितलेलं काम नीट करतो मी.

पंधरा मिनिटांनी मानसी बाहेर आली. “अनू कुठंय?”

मला वाटलं होतं तिच्याकडे. तिला वाटलं होतं आजीबरोबर. सासूबाई हंडा घेऊन एकट्याच वर आल्या. मी घरात पाहिलं, गोठ्यात पाहिलं, मानसी विहिरीकडे धावली. “अनू, अनू,” मी ओरडत होतो, आणि ओरडताना मला माहीत होतं की ती ओ देत नाही. तीन वर्षांत तिनं एकदाही दिलेली नाही. ती दहा पावलांवर असली तरी मला कळणार नाही.

मला एकच सुचलं. मी खिशातला मोबाईल काढला, कातळावर चढलो, तिचं ते आवडतं गाणं लावलं आणि हात उंच धरला. आवाज ऐकला की येईल. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. ते फिरतच राहिलं. खाली मानसी विहिरीच्या कठड्यावरून वाकून बघत होती आणि मी वर हात करून एका चक्राकडे बघत उभा होतो.

विहिरीत काही नव्हतं. मानसी तिथेच खाली बसली. सासूबाईंनी हंडा ठेवला, अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि रोजच्या सुरात, जराही न घाबरता, हाक मारली. “अनू गोऽ, कुठं हायेस गो?” आणि थांबल्या. त्या नेहमी थांबत तशाच.

खुराड्यातून आवाज आला. “आजी, मी हितं हाय.”

मग आणखी आला. “बाबान् दार लावला.”

माझ्या मुलीच्या आयुष्यातलं पहिलं वाक्य ते, आणि दुसरं वाक्य ही माझ्याविरुद्ध तक्रार. कुशाबांनी दगड काढला, फळी काढली. अनू केसांत पिसं घेऊन, दोन्ही हातांत एकेक पिलू धरून बाहेर आली. मानसी तिला घट्ट धरून हसत होती आणि रडत होती. मी कातळावरून उतरलो कसा ते आठवत नाही, गुडघा फुटलेला नंतर दिसला. “अनू,” मी म्हणालो. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.

“काय?” ती म्हणाली.

मला सांगण्यासारखं काही नव्हतं. मी पुन्हा म्हणालो, “अनू.” ती पुन्हा म्हणाली, “काय?” असं आम्ही किती वेळ केलं कोण जाणे. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “पुरे करा, पोरगी दमली.”

परतीच्या एसटीत माणसं बरीच होती. मी अनूला खिडकीशी बसवलं. गाडी सुटली आणि ती सुरू झाली. “बाबा, ता काय हाय?”

“झाड.”

“कसला झाड?”

मी पाहिलं. झाडच होतं. या रस्त्यानं लग्नापासून सात वर्षं मी येतोजातो आहे, आणि मला ते सांगता येईना. मागच्या बाकावरचे एक आजोबा म्हणाले, “अंजनी हाय ती, बाय.” पुढच्या वळणावर तिनं पक्षी विचारला. तो एका शाळकरी मुलीला ठाऊक होता. ओढ्याचं नाव दोघांनी दोन सांगितलं आणि त्यांच्यात वाद लागला. अर्ध्या घाटात येईतो सगळी गाडी खिडक्यांतून बाहेर बघत होती आणि अनूनं विचारायच्या आधीच कोण काय ते सांगायला लागली होती. मी मधे बसून नुसता ऐकत होतो. माझ्याजोगं एकही काम नव्हतं.

कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला. घामेजलेला, दांड्याला एका हातानं लटकलेला, पन्नाशीचा माणूस. अनूनं त्याच्याकडे वर पाहिलं.

“तुजा नाव काय?”

तो थबकला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुणा प्रवाशानं त्याला हे विचारलं नसावं. “सोमा,” तो म्हणाला.

अनू खिडकीकडे सरकली. शेजारची बोटभर जागा तिनं तळहातानं थोपटली.

“सोमा, हितं बस.”

सोमानं मागे पाहिलं, अजून पाच-सहा तिकिटं बाकी होती. मग त्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि पोलादपूर येईपर्यंत तिथे बसून राहिला.